केसाएवढी पाती

वहिनी गेली तेव्हा मी लांज्यात पंपवाल्याशी भांडत होतो. दोन तासांत देतो म्हणाला होता, चार झाले तरी माझी विहिरीची मोटर उघडीच पडलेली. फोन दोनदा वाजला, दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला, तर शेजारची शेवंता रडत होती. "दादा, घरी या... वहिनी उठत नाय." स्कूटर कशी हाकली आठवत नाही. महिना होऊन गेला, अजून एका जागी बूड टेकत नाही.

माझा थोरला भाऊ मुंबईत सुतारकाम करायचा. काम सोडून गावी आला तेव्हा नक्षी कापायचं छोटं मशीन, स्क्रोल सॉ, सोबत घेऊन आला. केसाएवढं पातं वरखाली नाचतं आणि लाकूड आपण हातांनी फिरवायचं. तो गेल्यावर मला वाटलं, आता हे धूळ खाणार. तर दिवसकार्य उरकून पंधरा दिवस झाले नाहीत तोच वहिनी, बासष्टाव्या वर्षी, पडवीत त्यावर बसली! फणसाच्या पिवळ्याधमक फळीतून नखाएवढे बांगडे, काजू, अबोलीची फुलं... कानात घालायची. बांगड्याच्या अंगावरचे पट्टेसुद्धा आरपार कोरलेले. नाटे बंदरावरची एक मासेवाली ती कानातली घालून बाजारात बसायची आणि येईल त्याला वहिनीचं नाव सांगायची. वहिनी लाजायची, पण चार दिवस तेच सांगत सुटायची.

मी समोर बसायचो. बसायचो कसला, चुळबुळायचो. एकदा हट्टाने मशीन घेतलं आणि आधी बाहेरची कड कापून मोकळा झालो. बांगडा सुटला खरा, पण आतले पट्टे कोरायला आता धरणार काय? चिमटीत धरायला गेलो तर उडून थेट अंगणात. वहिनी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "काय ओ भावजी! आतलं आधी, कड शेवटी. धरायला फळी नको? वायच दम धरा." साठीला आलेल्या माणसाला हे ऐकवायची. पण खरं सांगतो, दिवसातला तेवढाच तास माझं डोकं थाऱ्यावर असायचं.

मग तिचे हात थरथरायला लागले. एका दुपारी पातं बोटात शिरलं आणि रक्त बघून माझं टाळकं फिरलं. नको नको ते बोललो. "मरायचंय का तुला?" असंही. पात्यांची सगळी पाकिटं उचलून माझ्या कपाटात टाकली, वर कुलूप. तिने ती परत मागितली नाहीत कधी. मला वाटलं, पटलं तिला.

त्यानंतर तिला रोज काहीतरी लागायला लागलं. आज हिंग, उद्या लिंबं, परवा डोकेदुखीचा बाम. तेही लांज्याचंच हवं. "भावजी, जाताय ना?" मी चरफडत जायचो. मोटर दाखवून आणायचं खूळही तिचंच.

परवा तिथल्या हार्डवेअरवाल्याने हाक मारली. "वहिनींची पाती येऊन पडलीत. शेवंता न्यायची दर महिन्याला, हल्ली फिरकलीच नाय." मी तसाच घरी आलो आणि शेवंताला परसात गाठलं. आधी ती कबूलच होईना. मग एकदम बोलायला लागली.

"तुम्ही गेलात की बसायची ती. स्कूटर ऐकू आली की मी हाक मारायची, मग उठायची. तुमच्या जिवाला घोर नको म्हणायची."

"आणि त्या दिवशी?"

तिने पदर तोंडाशी धरला. "मशीनवरच मान टाकलीन होती. मी मशीन बंद केलं, तिला चटईवर आडवी केली, साडीवरचा भुसा झटकला... सगळी पडवी झाडली. मग तुम्हाला फोन लावला. तुम्ही ओरडाल म्हणून, दादा."

मेलेल्या बाईची साडी माझ्या भीतीने झटकली गेली. कुलूप लावून मी तिला थांबवलं असं समजत होतो. ती थांबली नव्हतीच, समोर बसायची माझी जागा तेवढी गेली. दिवसाचा तो तास मीच माझ्या हाताने घालवला.

"रागावलात काय ओ?" शेवंताने विचारलं.

मी नाही म्हटलं. तेही ओरडूनच.