शिवणकाम घ्या रे!

दुसऱ्याच्या कपड्यांत आमच्या सीनियरइतकं डोकं घालणारी मुलगी अख्ख्या बदलापूर-उल्हासनगर पट्ट्यात सापडायची नाही. राहायला बेलवलीला, शिकायला उल्हासनगरात, आमच्याच डिझाइन कॉलेजात. कपडा उलटा करून आतली शिवण बघितल्याशिवाय तिला माणूस कळायचाच नाही. आमची ओळखही तशीच झाली. मी कँटीनमध्ये वडापाव खात होतो, तर हिने मागून माझी कॉलर उलटवली. "पाच नंबर कॅम्पाच्या बाजारातला शर्ट ना? टीप बघ, काय घाईत मारलीय!" एकदा सिंधी दुकानदाराच्या काउंटरवरच तिने नवी जीन्स उलटी केली. "बेटा, लेना है कि ऑपरेशन करना है?" तो वैतागला. तासाभराने तोच तिला चहा पाजून शिलाईतल्या चुका विचारत होता.

तिचा एकच धोशा, "पोरांनो, शिवणकाम घ्या रे!" आम्हाला ॲप डिझाइन करायची घाई, ऐच्छिक विषय म्हणून शिवणकाम कोण घेतो? त्यात कळलं, बारा नावं झाली नाहीत तर तो वर्ग बंद आणि शिकवणाऱ्या बाईंची हंगामी नोकरीही गेली. नावं होती आठ. मग ही जी पेटली! दोन दिवस जिन्यात ठाण मांडून बसली, येईल त्याला अडवलं. बारावं नाव माझं. खरं सांगतो, पिच्छा सुटावा म्हणून दिलं.

पहिला कुर्ता मी मापाबरहुकूम कापला, सूतभर इकडेतिकडे नाही. शिवल्यावर तो खांद्याखाली उतरेना. बाई हसल्या. "राजा, माप बरोबर आहे रे, पण माया कुठे सोडलीस?" शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात, हे मला विसाव्या वर्षी कळलं. "बाहेरून दिसत नाही," बाई म्हणाल्या, "पण पोर वाढलं की उसवून देता येते." आजवर मी जे काही काढलं होतं ते असंच, काटेकोर आणि कोणालाच न होणारं. त्या दिवसापासून मी आधी माणूस बघायला लागलो. दुसऱ्या कुठल्या विषयाने मला एवढं शिकवलेलं नाही.

सीनियर आता सुरतेला नोकरी करते. फार आठवण येते तिची. परवा फोन आला, पहिला प्रश्न, "यंदा किती नावं झाली?" म्हटलं, "नऊ." तिच्यासारखं लोकांच्या मागे लागायला मला जमत नाही, लाज वाटते, म्हणून हे लिहितोय. शनिवारपर्यंत मुदत आहे, तिघंजण हवेत. बाई रोज नोटीस बोर्डापाशी येतात, यादी मोजतात, आणि आमच्यापैकी कोणी दिसलं की शेजारची परीक्षेची सूचना वाचायला लागतात.