तांब्यावरचं मेण

नव्वदच्या दशकात, पीएचडी करताना, आम्ही एक आलेख छापला. तो अजून कुठे दिसला की मला शिसारी येते. माझे गाइड असलेल्या सरांचीही, आणि स्वतःचीही.

काम सांगायला सोपं होतं. तांब्याच्या पट्टीवर लेसरचा जबरदस्त झोत मारायचा. त्याने काही इलेक्ट्रॉन असे पिसाळतात की पट्टीत शिरून पार मागून बाहेर पडतात. मागे फिल्मचे थरावर थर ठेवायचे. किती थर काळे पडले त्यावरून त्यांचा जोर कळतो, आणि किती गडद त्यावरून त्यांची संख्या.

पट्ट्या अगदी गुळगुळीत लागत आणि मुंबईच्या आमच्या लॅबमध्ये त्या घासायला आठवडे जात. मी राहायचे भाईंदर पूर्वेला. खारी गावाकडे जाताना स्टीलची भांडी पॉलिश करणारे गाळे होते. तिथल्या एका कारागिराकडून मी पट्ट्या घासून घ्यायला लागले, आणि फिल्म काळीकुट्ट यायला लागली! इतके इलेक्ट्रॉन कुणालाच मिळाले नव्हते. सरांनी लगेच तो आलेख घालून पेपर छापून आणला, माझं नाव पहिलं.

मग एकदा तो कारागीर कौतुकाने म्हणाला, "मॅडम, तुमच्या पट्टीला आपण वरून मेणाचा हात मारतोय. दुकानात जाणाऱ्या भांड्याला मारतो ना, तसा. चमक टिकते."

त्याने मायेनेच केलं होतं, विचारायचं मलाच सुचलं नव्हतं. पट्ट्या ॲसिटोनने धुऊन पुन्हा झोत मारला. फिल्म फिकट. आमचे सगळे जास्तीचे इलेक्ट्रॉन म्हणजे त्या मेणाची करामत होती.

सर केळ्याचे वेफर खात होते. त्यांनी फिल्म पाहिली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. थीसिस सबमिट करायचाय ना तुला?" म्हणाले, आणि बोटांचं तेल माझ्याच वहीच्या कडेला पुसलं. मी ती वही उचलली आणि थीसिस लिहायला बसले. आठवलं तरी ओकारी येते.

डिग्री मिळाली. त्याच महिन्यात परगावच्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. वर्षभर तो स्वच्छ घासलेल्या पट्ट्यांवर आमचाच प्रयोग करत होता, आकडे जुळत नव्हते आणि त्याचे गाइड त्याला काम सोडून दे म्हणत होते. माझं कुठे चुकतंय ते कृपया सांगाल का, असं त्याने विचारलं होतं.

उत्तर मीच लिहिलं. पट्ट्या आणखी स्वच्छ करून पाहा, म्हणून.