पहिल्या रात्रीचा स्वयंपाक

नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हिरा दिवसभर लोकांच्या रक्ताचे नमुने तपासते आणि संध्याकाळी बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पाय घेऊन फोनवर स्पेनमधली जुनी घरं बघते. समुद्रकाठची नव्हेत, आतल्या मुलखातली. तिथली तरुण माणसं शहरात निघून गेली, मागे राहिलेली दगडी घरं आता कुणी कुणी पाहुण्यांना भाड्याने देतं.

“लोकांच्या बायकांना पॅरिस लागतं, आमच्या बायकोला ओसाड गावं,” उत्तम म्हणायचा. पण जूनच्या सुट्टीत चार मराठी कुटुंबांनी मिळून स्पेनला जायचं ठरलं, तेव्हा हिरानेच घर शोधून दिलं. खाली पूर्वीचा गोठा, वर झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघरात माणूस उभा राहील एवढी चूल. फोटो सगळ्यांना आवडले. मालकीण एन्कार्ना, सत्तरीची विधवा. फोनमधलं अ‍ॅप दोघींचं बोलणं इकडून तिकडे करायचं. तिची एकच अट होती : पहिल्या रात्री पाहुण्यांनी आपल्याकडचं काही तिच्या चुलीवर रांधायचं आणि तिच्यासोबत बसून जेवायचं. त्याशिवाय ती घर उघडत नसे.

रविवारी सेरंगूनला नीताच्या कॉन्डोत चारही कुटुंबं जमली. नीताने कामं वाटली. मसाले अमकीकडे, थेपले तमकीकडे, राइस कुकर स्वतःकडे.

“पहिल्या रात्री मी पुरणपोळी करते. हिरा, तू पेपर प्लेट्स आण आणि टिश्यू. आणि त्या बाईंना सांग, फोटोत छताला टांगलेलं ते डुकराचं मांस काढून ठेवा म्हणावं. त्या काही घेऊन आल्याच तर तू आणि उत्तम बसा त्यांच्याजवळ. तुम्हाला काय, सगळंच चालतं.”

हिराने आजवर या घरी कोल्ड्रिंक आणलं होतं, बर्फ आणला होता, प्लेट्स तर किती आणल्या. भाजी आण, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ‘तू नोकरी करतेस गं, कशाला दगदग,’ असं नीता म्हणायची. नोकरी नीताही करत होती. एकदा हिराने न सांगता भरली वांगी आणली, तर डबा जसाच्या तसा परत मिळाला. ‘बाहेर काढायचीच राहिली बघ!’ नीता एकदाच हिराच्या घरी आली होती. हॉलमधल्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत तिने चहा नको म्हटलं होतं, ॲसिडिटी होते म्हणून. त्यानंतर तिला बुकित बातोक फार लांब पडू लागलं.

“पहिल्या रात्रीचा स्वयंपाक मी करणार,” हिरा म्हणाली.

“अगं, पण...”

“घर मी शोधलंय. मोठं मातीचं भांडं आहे तिच्याकडे, ते चुलीवर पालथं घालून लांब रोटी करीन. आमच्या नागपूरची. माझी आई कोपरापर्यंत हातावर झुलवायची ती. मटणाचा रस्सा, आणि तुमच्यासाठी वेगळा वांग्याचा.”

“छान की,” नीता म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

दोन दिवसांनी ग्रुपवर नीताचा मेसेज आला : गावात मुलं कंटाळतील, आपण सगळे माद्रिदला हॉटेलातच राहू. खाली पटापट अंगठे उमटले.

“सोड ना,” उत्तम म्हणाला. “अडीअडचणीला हीच माणसं आहेत इथे परदेशात.”

“अडीअडचणीला येतील. जेवायला येणार नाहीत.”

“Aiyah, Aai, just go lah,” मुलगी प्रियदर्शिनी खोलीतून ओरडली. “I also want that house.”

हिराने एन्कार्नाला फोन लावला. आम्ही तिघंच येतोय, चालेल का?

“बाकीचे?”

“त्यांना माझ्या हातचं खायचं नाही.”

अ‍ॅपने हे वाक्य स्पॅनिशमध्ये म्हटलं. पलीकडून उत्तर आलं : “तुला स्वयंपाक येत नाही का?”

हिरा इतकी हसली की उत्तम उठून बघायला आला. “चांगला येतो,” तिने सांगितलं.

“मग तिघं या. भांडं घासून ठेवते.”

हिराने ग्रुपवर लिहिलं : ‘गावातलं घर मी सोडलेलं नाही. पहिल्या रात्री मी रांधणार आहे. ज्यांना माझ्या हातचं चालतं त्यांनी यावं.’

अंगठा एकही उमटला नाही. नीताचा फोन मात्र लगेच आला.

“हिरा, असं ग्रुपवर लिहितात का? लोकांना वाईट वाटतं.”

“वाटू दे.”

“मी कधी काही बोललेय का तुला? इतक्या वर्षांत एक शब्द तरी?”

“नाही. तू बोलत नाहीस, प्लेट्स सांगतेस.”

“तू उगाच नको तो अर्थ काढतेस हं. हॉटेलचं मी मुलांसाठी म्हटलं.”

“बरं. मग एक काम कर. एन्कार्ना विचारत होती, तुला स्वयंपाक येत नाही का म्हणून. चांगला येतो म्हटलं. मग तुम्ही माझ्या हातचं का खात नाही, ते मला काही नीट सांगता आलं नाही. तू सांग.”

“मी? मी काय सांगणार तिला?”

“जे असेल ते. अ‍ॅप सगळं बरोबर सांगतं,” हिरा म्हणाली आणि फोन चालू असतानाच तिने एन्कार्नाचा नंबर नीताला पाठवून दिला.