न दिलेल्या परीक्षेतले चौतीस मार्क

आमच्या शाळेत मार्क देण्याची पद्धत अशी, की आधी बेरीज लिहायची आणि मग तिच्या वरचे आकडे भरायचे. श्रेणीच्या रकान्यात अ-२ लिहून झालं, की मुख्याध्यापक सर मागं मागं येत. तोंडी परीक्षेला नऊ, प्रात्यक्षिकाला आठ, उपक्रमाला पुन्हा नऊ, आणि लेखीला जे उरेल ते. हाताला इतकी सवय होती, की फोनवर जावयाशी बोलता बोलता त्यांची अख्खी पाचवी उत्तीर्ण व्हायची.

भूम तालुक्यातली ही दोन शिक्षकांची शाळा. चौथी-पाचवी सरांकडे, खालचे तीन वर्ग माझ्याकडे. मी नवीनच बदलून आले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळं शाळेत जे चालतं ते बरोबरच असणार, असं मला मनापासून वाटायचं. काही दिवस मी समजत होते, की ही मूल्यमापनाची काहीतरी सुधारलेली पद्धत असावी.

वर्णनात्मक नोंदींसाठी सरांकडे बाजारात मिळतं ते छापील पुस्तक होतं. हजेरीच्या क्रमानं एकेका मुलाला एकेक वाक्य. जो मुलगा मधल्या सुट्टीत खिडकीचे गज वाकवायचा, त्याच्या वाट्याला 'शालेय मालमत्तेची काळजी घेतो' आलं. मी हसले तर सर म्हणाले, "मॅडम, वाचतंय कोण? पण रकाना रिकामा राहिला तर मात्र वाचतात."

त्या वर्षी एक मेला झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटल्या आणि निकाल सुरू झाला. इतक्यात फाटकातून एक बाई आली. उन्हानं रापलेली, सोबत पाचवीतली मुलगी. दिवाळीनंतर ही माणसं ऊसतोडीला गेली होती, ती आदल्याच दिवशी परतली होती. मुलगीही त्यांच्याबरोबरच गेली होती. तिकडं धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवं ना.

"सर, हिची परीक्षा राहिली की," आई म्हणाली. "कारखाना लांबला. आता कवा घेताव?"

सरांनी गठ्ठ्यातून तिचं प्रगतिपुस्तक काढून पुढं केलं. "परीक्षा कशाची? पास झाली की पोरगी. अ-दोन! पेढे आणा."

मी सरांच्या खांद्यावरून पाहिलं. गणित लेखी, पन्नासपैकी चौतीस. तोंडीला नऊ. खाली नोंद, 'वर्गात नियमित उपस्थित राहते.'

आईला वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तक हातात घेतलं नाही. मुलीकडं बघून म्हणाली, "तू कवा आली होतीस गं पेपरला?"

मुलगी म्हणाली, "म्या न्हाय आले."

सर हसले. सर वाईट माणूस नव्हते. मुलांना खाऊ आणायचे, कुणाला छडी लावायचे नाहीत. आकडा कमी पडला की मुलाला वाईट वाटतं, आणि कुणाला वाईट वाटलेलं त्यांना बघवायचं नाही. शिवाय पाचवीत कुणी राहिलं की त्याची फेरपरीक्षा आली, आणि तिच्या आधी शिकवणं आलं. म्हणजे मे महिन्यात शाळा उघडणं आलं. ते तर त्यांना अजिबातच बघवायचं नाही.

"आता परीक्षा घेतली," ते आईला समजावू लागले, "तर मार्क कमी होतील की ओ. नुकसान तुमच्याच लेकराचं."

"सर, थोरलीला बी अ-दोनच व्हता," आई म्हणाली. "सहावीला ईट गावच्या मोठ्या शाळंत घातली. तिथं तिला फळ्यावरचं वाचाया येईना. पोरं हसली. महिन्यात घरी बसली, आता कोयता घेती. हिचं तसं होऊ द्यायचं न्हाय मला. हिला काय येतं, तेवढं सांगा."

सर पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.

मला अणदूरची माझी चौथी आठवली. गुरुजींनी गणितात पन्नासपैकी बारा दिले होते, लाल शाईत, आणि वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात येऊन सांगितलं होतं, "लेकीला भागाकार येत नाही. सुट्टीत माझ्याकडं धाडा." मी दोन दिवस जेवले नव्हते. त्या बाराचे उपकार मी अजून फेडते आहे.

मी मुलीला फळ्यापाशी नेलं. शहाण्णव भागिले चार. तिनं आकडे नीट मांडले, रेघ ओढली आणि खडू धरून उभी राहिली.

"हिला अनुपस्थित लिहा," मी म्हणाले. "मे महिन्यात मी येते. चावी माझ्याकडं द्या."

"मॅडम, तुम्ही लई मनाला लावून घेता. आमचा निकाल शंभर टक्के लागतो दरसाल."

"परीक्षा न देतासुद्धा लागतो, हे लेखी कळवू का वर?"

सरांनी चावी दिली. नवं प्रगतिपुस्तक लिहिताना ते हळहळत होते. मुलीसाठी की जुनं पुस्तक वाया गेलं म्हणून, हे मला कळलं नाही.

मे महिना आम्ही दोघींनी व्हरांड्यात काढला. चिंचोक्यांचे ढीग करायचे, वाटायचे, उरले ते बाजूला. बरोबर आलं की ती ओठ मिटून हसायची, चुकलं की ढीग मोडून टाकायची. जूनमध्ये फेरपरीक्षा झाली. पेपर मीच तपासला, शेवटच्या गणितापाशी हात अडला, तरी अर्धवट उत्तराला अर्धेच मार्क दिले. पन्नासपैकी एकवीस. उत्तीर्ण.

सर चुकचुकले. "आधी चौतीस होते की! एवढं शिकवून तेरा कमी केले तुम्ही." आणि लगेच माझ्याकडं फोन दिला. विशेष मार्गदर्शनाचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा होता. मुलीच्या शेजारी ते खडू घेऊन उभे राहिले.

आई दारात थांबली होती. तिनं या वेळी उत्तरपत्रिका हातात घेतली, लाल आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यातले किती हिचे, बाई? अन् किती तुमचे?"

"एकवीसच्या एकवीस हिचे."

तिनं पेपरची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि लेकीला म्हणाली, "चल. ईटला जाऊ."