लाल कडीचा नर

बायको गेली त्याच वर्षी पोरं सासूकडे टाकून मी आखातात रुवैसला कामावर परत गेलो. कॉलनीच्या बागेत पाणी घालायचो. तिथं पुण्याच्या एक बाई टिटव्यांचा अभ्यास करायच्या. बागेतल्या एका जोडीतल्या नराच्या पायात त्यांनी लाल कडी घातली होती. तो अंड्यांवर बसलेला दिसला की वहीत रेघ मारायची, एवढं काम मला दिलं होतं.

मादीला मांजरानं खाल्लं. मग नर एकटाच उन्हात बसायचा. पाइपाखाली पोट भिजवून यायचा आणि अंडी गार करायचा. पाचव्या दिवशी उठला तो परत आलाच नाही. मी तरी रेघा मारत राहिलो.

बाईंनी वही बघितली. "भाऊ, अंडी तर उन्हानं भाजलीत. ह्या रेघा कसल्या?"

"येईल म्हटलं."

"एकट्याला नाही जमत. तो जगला तर पुढच्या वर्षी पिल्लं होतील. ह्या पाखरांची जमात अशीच टिकली."

"आणि ह्या अंड्यांनी काय करायचं?"

बाईंनी वही मिटली. त्यांना माझ्या घरचं काही ठाऊक नव्हतं.

ते पाखरू चुकलं की बरोबर वागलं, मला अजून कळत नाही. पोरांना विचारायची हिंमत होत नाही.