तिन्ही काँगो एका सुरात

डाव्या हाताचं एक बोट वर उभं धरायचं, मान वाकवून कान काँगोच्या चामड्याशी न्यायचा आणि म्हणायचं, "थांबा मास्तर, अजून भांडून राह्यले." भाऊंचं हे ठरलेलं. मग समोर सरपंच बसलेले असोत की तहसीलदार, ते बोट खाली येईपर्यंत आमची पार्टी मुकाट बसून राहायची.

पार्टी म्हणजे सत्तरच्या दशकातला भंडाऱ्याचा आमचा हौशी ऑर्केस्ट्रा. मी शाळेत मास्तर आणि पार्टीत पेटीवर. भाऊ काँगोवर. पोटापाण्याला ते पितळेच्या भांड्यांवर ठोके मारायचे. सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्यांच्या गल्लीत चार-पाच हातोडे एकदम चालत. तिथे दोन मिनिटं उभं राहिलं की माझं डोकं उठायचं. भाऊ मात्र त्या गोंगाटात पाण्याच्या घागरीला टिचकी मारून बायकांना सांगायचे, "हा गुंड नेऊ नका बाई, याले सर्दी झाली." आणि खरंच, पाणी भरलं की त्या गुंडाला कुठेतरी बारीक चीर सापडायची.

काँगो, म्हणजे हातानं वाजवायचे उभे ढोल, तीन होते, नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आलेले. भाऊंनी त्यांना थोरला, मधला, धाकटा अशी नावं दिली होती. आधी मधला लावायचा. मी पेटीवर सूर धरायचो, भाऊ पान्यानं एक नट पाव फेरा फिरवायचे, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा. "एकाच अंगानं ओढलं का तोंड वाकडं होते त्याचं," म्हणायचे. मधला बसला की थोरला त्याच्या खाली आणि धाकटा वर. तिघांचे आवाज वेगवेगळे हवेत, पण एकमेकांना धरून हवेत. हे साधायला भाऊंना अर्धा तास लागायचा. आमच्यातले काही जण वैतागायचे, मीही वैतागायचो. पण लागल्यावर तुम्ही ते तीन काँगो ऐकायला हवे होते. गाणारा बेसूर झाला तरी लोक उठत नसत.

ऐंशीच्या सुमारास भाऊंनी नवीनच काहीतरी सुरू केलं. खिशातून तांदळाचे चार दाणे काढायचे, एका काँगोवर टाकायचे, शेजारच्यावर थाप मारायची आणि दाण्यांकडे बघत बसायचं. आम्हाला वाटलं, काही नवस असेल. "काय भाऊ, काँगोचं लगीन लावता का जी?" ढोलकीवाला म्हणायचा. सगळे हसायचे. भाऊही हसायचे, पण आम्ही हसल्यानंतर जरा वेळानं.

त्या उशिरा येणाऱ्या हसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. कानाचा माणूस म्हणवत होतो ना स्वतःला!

कळलं ते त्यांच्या गल्लीत. जेवणाची वेळ होती, हातोडे बंद होते. भाऊ पाठमोरे बसले होते. मी तीनदा हाक मारली. ते वळले नाहीत. त्यांची बायको दारात आली आणि हळूच म्हणाली, "खांद्याले हात लावा जी, मंग समजते त्याईले." ती पुढे म्हणाली, "तुमाले समजलं मनून कोणाले सांगू नका, त्याईलेबी. ठोक्यानं कान गेले. कामाचं काही नाही, हात चालते. पण पार्टीतून काढतीन, याचंच भेव हाय त्याईले. तेवढंच त जगणं हाय त्याईचं."

मी शब्द दिला. शब्द देणं सोपं होतं, पाळणंही सोपंच वाटलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, दंडारीचं लोकनाट्य, आणि बोलावलं तर आमच्यासारखी पार्टी. त्या वर्षी आम्ही आसगावच्या मंडईला गेलो. दुपारी भाऊंनी काँगो लावायला घेतले. दाणे टाकले, थाप मारली, नट फिरवले. एकाच्या थापेवर दुसऱ्यावरचे दाणे टणाटण उडायला लागले तसे ते खूश झाले. "जमले तिघंही! सूर धरा मास्तर."

मी पेटीवर सूर धरला आणि काँगो ऐकले. तिन्ही काँगो एकाच सुरात होते; आजवर उरलासुरला कान सावरून घ्यायचा, आता नुसत्या दाण्यांवर भिस्त होती. तिघांचा आवाज एक झाला तरच दाणे असे उडतात, हे आम्हा दोघांनाही तेव्हा उमगलं नव्हतं. थोरला नाही, धाकटा नाही, सगळे मधले. वाजवले असते तर एकच डबा बडवल्यासारखं झालं असतं.

मी भाऊंना खुणेनं चहाला पाठवलं, आणि ते नजरेआड होताच पाना घेऊन थोरला उतरवला, धाकटा चढवला. घाईत, चोरासारखा. भाऊ परत आले. बसण्याआधी त्यांनी पुन्हा दाणे टाकले, थाप मारली. दाणे जागचे हलले नाहीत. त्यांनी नटांकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे.

"मास्तर, तुमी लावले?"

"नाही," मी म्हणालो.

आयुष्यात मी खोटं बरंच बोललो आहे. त्या एका 'नाही'ची मात्र अजून शिसारी येते. भाऊ वाजवायला बसले. माझ्या भात्यावरच्या हाताकडे बघत त्यांनी सगळी गाणी वाजवली, एक ठेका चुकला नाही. शेवटी पाना माझ्या पेटीवर ठेवला आणि निघून गेले. नंतरच्या तालमीला आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो तर त्यांची बायको म्हणाली, निजले आहेत. मी पुन्हा गेलो नाही. काँगोवर ढोलकीवाला बसू लागला, ते लावायचो मी. लोकांना काही फरक कळला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी लाखांदूरच्या मंडईत गाणं चालू असताना मला भाऊ दिसले. कर्ण्याखाली ठेवलेल्या लाकडी खोक्यातल्या स्पीकरवर दोन्ही तळवे टेकवून, डोळे मिटून उभे होते. येणारे-जाणारे त्यांना वेडा समजून वळसा घालत होते. कार्यक्रम संपताच मी धावत गेलो. त्यांनी ओळखलं, हसले. केस पार पांढरे झाले होते.

"चांगला झाला पोग्राम," ते म्हणाले. "पण धाकटा काहून नाही वाजवला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते; धाकट्याचा चढा सूर खोक्यातून तळव्यांना लागलाच नव्हता. धाकट्याचं चामडं फाटलं होतं, एवढं म्हणालो असतो तर भागलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"वाजवला भाऊ," मी म्हणालो. "तिन्ही वाजवले."

त्यांचे तळवे अजून खोक्यावरच होते. ते त्यांनी हळूच उचलले, एकमेकांवर घासले.

"बरं केलं," ते म्हणाले. "या बारी खरं बोल्ले."

भंडाऱ्याची गाडी लागली होती. पाटी वाचून ते चढले. ही आमची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. त्या दिवशी गाडी हलली तेव्हा त्यांची पाठ खिडकीकडे होती. "या भाऊ!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, आणि ओरडल्यावर माझीच मला लाज वाटली.