बिनतुपाचा भात

एक्कावन्न-बावन्न सालची गोष्ट. कल्याणला एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. वाढपी तूप घेऊन आला, तसा त्यांनी भातावर हात आडवा धरला.

“घ्या हो, शुभकार्य आहे,” म्हणत त्याने धार सोडलीच. कढत तूप हातावर पडलं, तरी हात हलला नाही.

“दूध, दही, तूप सगळं सोडलंय मी,” त्या मोठ्यांदा म्हणाल्या. “आमचाच गोठा आहे. उपाशी हंबरणारी वासरं रोज ऐकते.”

समोरून त्यांच्या सासूबाईंनी डोळे वटारले. बाईंनी पदराला हात पुसला, वरणभातावर लिंबू पिळलं आणि अगदी सावकाश जेवल्या. त्यांचं होईपर्यंत रिवाजाप्रमाणे कुणालाच उठता येईना. मला तर उठावंसंही वाटलं नाही.